रजेपूर्वीचे आठवडे

मावळात भातखाचरांच्या शेजारी आज पॉलिहाऊस उभी आहेत. तळेगाव परिसरातील गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, याचा आपणांस अभिमान वाटतो. त्या फुलांची तोडणी व बांधणी करणाऱ्यांत आपल्या विद्यार्थ्यांच्या माता आहेत आणि काही माजी विद्यार्थिनीही आहेत. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

शरीराची वाढ व प्रजनन यांचे नियमन संप्रेरके करतात. काही कीटकनाशके व प्लास्टिकमधील काही द्रव्ये या संप्रेरकांची नक्कल करतात किंवा त्यांचे कार्य अडवतात. गर्भात असा अडथळा कायमचा ठरू शकतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा व मुलगी यांची जननेंद्रिये सारखीच दिसतात. नंतर मुलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते आणि साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत पुढील घडण ठरते. त्या काळात व्यत्यय आल्यास मूत्रमार्गाचे छिद्र जागेवर नसणे, वृषण खाली न उतरणे, पुढे शुक्राणू कमी असणे असे दोष संभवतात. मुलीही यातून सुटत नाहीत. गर्भपात टळावा म्हणून एके काळी दिल्या जाणाऱ्या डीईएस या कृत्रिम संप्रेरकामुळे मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे 1971 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

आपल्याकडील पुरावा परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतला आहे. तेथील 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाभण उंदरिणींना बिस्फेनॉल-ए अत्यल्प मात्रेत दिले होते. त्यांच्या नर पिल्लांत शुक्राणूंची संख्या व हालचाल घटली, आणि परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरला. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि बाळात दोष दिसला म्हणून आईला बोल लावणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला; पुढच्या वर्षी कायदा झाला. आजच्या कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते, पण प्रसूतीपूर्वी त्यातले जास्तीत जास्त 8. नाजूक काळ त्याच्या कितीतरी आधी उलटून गेलेला असतो. आठव्या आठवड्यात मुकादमाला तर सोडाच, पुष्कळदा घरातही कोणाला सांगितलेले नसते. त्यामुळे केवळ गरोदर स्त्रीला काम बदलून देणे पुरत नाही. फवारणीनंतर लेबलवर सांगितलेली वेळ उलटेपर्यंत कोणीच आत जाऊ नये, ही शिस्त सर्वांसाठी हवी.

डब्यावरील हिरव्या त्रिकोणावरही विसंबू नये. तो रंग तात्काळ विषबाधेची तीव्रता सांगतो; गर्भातील संप्रेरकांवर काय होईल, हे त्यावरून कळत नाही. कामाचे कपडे घरी वेगळे धुवावेत, औषधाचे रिकामे डबे पाणी भरण्यास कधीही वापरू नयेत. बाळाचे वृषण सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया साधारणपणे दीड वर्षाच्या आत करतात.