शेणाचा हिशेब आणि गोबर गॅस संयंत्र

गोठ्यातील शेणास शेतकऱ्याच्या घरी दोन वाटा असतात. एक उकिरड्यावरून शेताकडे जाते व दुसरी गोवऱ्यांच्या रूपाने चुलीकडे वळते. चुलीत गेलेल्या शेणाची राख उरते. त्या राखेत पालाश व थोडेफार स्फुरद असते, परंतु पिकास ज्याची विशेष गरज असते तो नत्र धुराबरोबर निघून गेलेला असतो. सरपण मिळत नाही म्हणून गोवरी जाळावी लागते आणि गोवरी जाळल्यामुळे जमीन उपाशी राहते. या पेचातून सुटण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे गोबर गॅस संयंत्र होय. त्यात शेणापासून जळण मिळते आणि शेणातील खतही शाबूत राहते.

हे कसे घडते ते आकड्यांनी पाहणे बरे. ताज्या शेणात पाच भागांपैकी सुमारे चार भाग पाणी असते. म्हणून २५ किलो ताज्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या अदमासे ५ किलो भरतात. तेच २५ किलो शेण संयंत्रात घातले तर त्यापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो, आणि स्वयंपाकापुरता विचार केला तर १ घनमीटर गॅस म्हणजे सुमारे १२ किलो गोवऱ्या किंवा साडेतीन किलो लाकूड. याचे कारण असे की, साध्या चुलीत गोवरीच्या उष्णतेचा दहावा हिस्सादेखील भांड्यास मुश्किलीने पोचतो. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता कामी येते. म्हणजे त्याच शेणावर दुपटीहून अधिक स्वयंपाक होतो, धूर होत नाही आणि मळी खत म्हणून हाती राहते ती वेगळीच.

संयंत्राची रचना अवघड नाही. शेण व पाणी समभाग घेऊन केलेला काला जमिनीखालील बंद टाकीत सोडतात. तेथे हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्यावर आपले काम करतात व मिथेन वायू तयार होतो. गोबर गॅसमध्ये मिथेन निम्म्याहून थोडा अधिक असतो, बाकीचा बहुतेक भाग कार्बन डाय ऑक्साइड वायूचा असतो. महाराष्ट्राच्या हवामानात काला टाकीत सुमारे ४० दिवस राहावा असा अंदाज धरतात.

ही विद्या नवी नव्हे. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास तिचे प्रयोग झाले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी झाकणाचे संयंत्र तयार केले व पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. झाकणाचा खर्च व गंज टाळण्यासाठी १९७८ मध्ये पक्क्या घुमटाचे ‘जनता’ संयंत्र आले आणि १९८४ मध्ये त्याहून स्वस्त असे ‘दीनबंधू’. १९८१-८२ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून गावोगावी संयंत्रे उभी राहिली.

यांपैकी बरीच संयंत्रे आज चालू आहेत, तशी बंद पडलेलीही पुष्कळ आहेत. बंद संयंत्राच्या घुमटावर कडबा रचलेला किंवा प्रवेश-कुंडीत कोंबड्या बसलेल्या ग्रामसेवकांनी पाहिल्या असतील. अशा वेळी दोष सहसा गवंड्याच्या माथी मारला जातो. घुमटास तडा गेला असेल तर तो दोष खराच. पण कित्येक ठिकाणी बांधकाम धडधाकट असते आणि संयंत्र उपासमारीने मेलेले असते. टाकी बांधताना गोठ्यात चार बैल व दोन म्हशी होत्या. नंतर ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, भावांची वाटणी झाली. टाकी मात्र तेवढीच राहिली. काही ठिकाणी तर आरंभीच चूक झालेली असते. मोठ्या संयंत्रास अनुदान अधिक, म्हणून मोठे संयंत्र घेतले. गोठ्यात किती शेण पडते हे कोणी पाटीने मोजून पाहिले नाही.

यास्तव विटा व सिमेंट आणण्यापूर्वी शेण मोजावे. जनावरांची संख्या विचारून भागत नाही. ठाणबंद म्हैस दिवसाला अदमासे १५ किलो शेण देते, गाय किंवा बैल १० किलो, कालवड ५ किलो. समजा, एका घरी दोन बैल, एक गाय व एक कालवड आहे. कागदावर ३५ किलो शेण झाले. तथापि, बैल दिवसभर औतावर असतात, गाय व कालवड माळावर चरतात, आणि दिवसाचे शेण तेथेच पडते. गोठ्यात सकाळी हाती लागते ते २० किलोच्या आसपास. अशा घरी २ घनमीटरचे संयंत्र बांधले तर त्यास रोज ५० किलो शेण हवे, आणि मिळणार त्याच्या निम्म्याहूनही कमी. गॅस त्याच प्रमाणात कमी मिळतो. घुमटाच्या संयंत्रात काल्याची पातळी निर्गम-कुंडीपर्यंत चढतच नाही, दाब कमी पडतो, शेगडी मिणमिणते. भाकरी अर्ध्यावर राहिली की गृहिणी चूल पेटवते, आणि असे चार वेळा झाले म्हणजे संयंत्राकडे पुन्हा कोणी वळत नाही. या घरी १ घनमीटरचे संयंत्रच योग्य. माणशी दोन वेळच्या स्वयंपाकास सुमारे पाव घनमीटर गॅस लागतो हे धरले, तर चार माणसांचे त्यात भागते. कुटुंब मोठे असेल तर संध्याकाळचा स्वयंपाक गॅसवर व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी आधीच सांगून ठेवावी.

मोजणी कोणत्या महिन्यात करावी यालाही महत्त्व आहे. दिवाळीनंतर हिरवा चारा मुबलक असतो व शेणही भरपूर पडते. त्या दिवसांतील मापावर टाकी बांधली तर वैशाखात ती रिकामी पडते. वैशाखात कडबा संपत आलेला असतो आणि कित्येक गावांत जनावरांना पाणीही मोजून पाजावे लागते. म्हणून त्या महिन्यात सलग आठ दिवस रोज सकाळी शेण तोलावे व सर्वांत कमी भरलेल्या दिवसाचे माप प्रमाण धरावे. दिवाळीनंतरचे जादा शेण कंपोस्टच्या खड्ड्यात जाईल. त्यात नुकसान नाही.

पाण्याचाही असाच विचार हवा. २५ किलो शेणास तेवढेच, म्हणजे दोन हंड्यांच्या आतबाहेर पाणी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेथे हे पाणी कोण आणणार, हे आधी विचारावे. गोठा धुतलेले पाणी व गोमूत्र चालते. मळीवरचे निथळ पाणीही काही प्रमाणात पुन्हा वापरता येते. साबण, फिनेल किंवा गोचीड मारण्याचे औषध मिसळलेले पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नये, त्याने जंतू मरतात.

काला कालवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे येते. अनुदानाच्या अर्जावर सही कुटुंबप्रमुखाची असते आणि हात शेणात तिचे जातात. तिला न विचारता बांधलेले संयंत्र फार दिवस चालत नाही. गोठा, प्रवेश-कुंडी व स्वयंपाकघर जवळजवळ असतील अशी जागा तिच्या सल्ल्याने निवडावी. ती जागा उन्हात असावी, आणि पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावी.

काल्यात माती, वाळू, कडब्याची धसकटे जाऊ देऊ नयेत. माती तळाशी बसते, धसकटे वर साय धरतात, आणि दोन्हींमुळे गॅस अडतो. थंडीत गॅस कमी होतो, कारण हे जंतू उबेचे भुकेले असतात. पौष-माघात काल्याचे पाणी उन्हात तापवून घ्यावे. शेगडीची ज्योत फडफडू लागली तर नळीत पाणी साचले आहे असे समजून ते काढून टाकावे. एवढ्यासाठी कारागीर बोलावण्याचे कारण नाही.

मळी उघड्यावर वाळत ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. तीत नत्राचा बराच अंश अमोनियाच्या रूपाने उडून जातो. त्यापेक्षा ओली मळी पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी, नाहीतर खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरावर ओतावी. पाला तिचा ओलावा शोषून घेतो व स्वतःही लवकर कुजतो.

बंद संयंत्र पुन्हा चालू करावयाचे असल्यास प्रथम वरीलप्रमाणे शेण मोजावे. ते पुरेसे नसेल तर शेजारच्या गोठ्याशी करार होतो का ते पाहावे. तोही न जमल्यास दुरुस्तीवर पैसा घालू नये. शेण पुरत असेल तर टाकी उपसावी लागेल, आणि येथे फार सावधगिरी हवी. टाकीत माणूस उतरवू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही विषारी वायू साचलेला असतो व प्राणवायू नसतो. आत उतरलेला मनुष्य क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही. गाळ वरूनच बादलीने किंवा पंपाने काढावा. जवळ विडी, कंदील, आगपेटी नसावी. नव्याने भरल्यावर प्रथम येणाऱ्या वायूत हवा मिसळलेली असते, तो पेटविल्यास स्फोट होण्याचा संभव असतो; तो मोकळा सोडून द्यावा आणि दुसऱ्यांदा साठलेला गॅस शेगडीत पेटवून पाहावा. ज्योत निळी व स्थिर असेल तर संयंत्र चालू झाले. पहिले काही दिवस शेण मापानेच घालावे व ग्रामसेवकाने महिन्याने एक खेप घालून शेणाची पाटी, पाण्याचा हंडा आणि शेगडी ही तीनही स्वतः पाहावीत.