सहा जागा, सहा जण

चि. मुग्धा हिस,


वर्गातल्या मुलांना गटात बसवलं तरी दोघंच काम करतात आणि बाकीचे गप्पा मारतात, असं तू लिहिलंस. होणारच. हुशार मुलीला एकटीला सगळं उरकता येत असेल, तर ती इतरांसाठी का थांबेल?

यावर एक उपाय आहे. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती. मारामाऱ्या चालू होत्या. वर्गातली चढाओढ त्यात तेल ओतते, हे मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी हेरलं. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच दिला. उरलेला धडा सोबत्यांकडूनच शिकायचा. या रीतीला ‘जिगसॉ’ म्हणतात.

तुझ्या दहावीच्या वर्गातल्या बहिर्वक्र भिंगाच्या धड्याला ती चपखल बसते. पुस्तकातल्या तक्त्यात वस्तूच्या सहा जागा आहेत. सहा-सहांचे गट पाड (तूच पाड, मैत्रीवर सोडू नकोस) आणि प्रत्येकाला एक जागा दे. मग सगळ्या गटांतली एकाच जागेची मुलं एकत्र बसव. मेणबत्ती, भिंग, पांढरा कागद एवढं पुरे. दुप्पट नाभीय अंतरवाल्यांना ज्योतीएवढीच उलटी ज्योत कागदावर मिळेल, ते खूश. अनंत अंतरवाल्यांना खिडकीबाहेरचं झाड दे. नाभीच्या आतवाले मात्र कागद पुढेमागे सरकवून रडकुंडीला येतील. तेव्हा उत्तर सांगायचं नाही. कुणीतरी वैतागून भिंगातूनच डोकावेल आणि मोठी, सुलट ज्योत दिसेल. आभासी प्रतिमा त्याला व्याख्येआधी भेटेल. एरवी गप्प बसणारं पोर मूळ गटात परतलं, की बाकीच्या पाचांना त्याचं ऐकावंच लागेल.

परतण्याआधी प्रत्येकाने काढलेली किरणाकृती तपास, नाहीतर एक चूक सहा वह्यांत जाते. नंतरची चाचणी प्रत्येकाची वेगळी घे, आणि प्रश्न दुसऱ्याच्या जागेवरचा विचार. सगळ्या गटाला सरसकट एकच गुण देऊ नकोस. त्यावर पालक चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

कुठलं अंतर धन आणि कुठलं ऋण मानायचं, हा चिन्ह संकेत मात्र फळ्यावर तूच शिकव. तो माणसांनी ठरवलेला आहे, चर्चेतून कसा सापडणार?

मुख्याध्यापकांकडे दोन तासिका जोडून माग. एका तासिकेत बाकं हलवण्यातच अर्धा वेळ जातो.

तुझा,
काका