कोरड्या ओढ्याला पूर कसा येतो?

सांगली जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि त्यात आटपाडी तालुका शोधा. जिल्ह्याच्या उत्तरेला, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दींना लागून तो दिसेल. हा माणदेशाचा भाग. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या आटपाडीच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. सह्याद्री ओलांडताना नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात आणि पूर्वेकडचा हा पट्टा पर्जन्यछायेत राहतो. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आता या भागात पोहोचले आहे, पण आभाळातून पडणाऱ्या पावसाचे मान त्यामुळे बदललेले नाही.

मग अशा दुष्काळी मुलखाला पुराचे भय कसले? आटपाडी गावातून शुक ओढा वाहतो. वर्षातले बरेच दिवस असे ओढे कोरडे किंवा नावापुरते ओले असतात. माणसे, शेळ्यामेंढ्या, सायकली त्यांतून बिनदिक्कत ये-जा करतात. सवयीने आपण ओढ्याला वाटच समजू लागतो, आणि खरा धोका येथेच आहे. कमी पावसाच्या प्रदेशात पाऊस कमी दिवस पडतो. परंतु तो हळूच पडतो असे मात्र नाही.

वळवाचा ढग कसा उभा राहतो?

एप्रिल-मे महिन्यांत माणदेशातील उघडी, खडकाळ जमीन दुपारी अतिशय तापते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. वर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते व प्रसरणामुळे थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. एका विशिष्ट उंचीवर तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब बनू लागतात. तोच ढगाचा तळ.

आता गंमत पाहा. पाण्याची वाफ करताना आपण उष्णता पुरवतो, तीच अप्रकट उष्णता वाफेचे पाणी होताना परत मिळते. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले की सुमारे २,५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. त्यामुळे ढगातील हवा थंड होण्याचा वेग मंदावतो, ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी जोराने वर जाते. ढग जणू स्वतःच्याच इंधनावर चालणारे यंत्र बनतो. तासाभरात कापसाच्या ढिगासारखा दिसणारा ढग दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा मनोरा होतो. यालाच क्युम्युलोनिंबस म्हणतात. गारा, विजा आणि वळवाचा पाऊस त्याच्याच पोटातून येतात.

थेंब आणि गारा जड झाल्या की कोसळू लागतात. कोसळताना त्या हवेलाही खाली ओढतात, आणि काही थेंब वाटेतच सुकल्यामुळे ती हवा गार होते. पावसाच्या आधी जो गार, धुळीचा वारा अंगावर येतो तो हाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात मोसमी वारे परतताना पुन्हा असेच ढग उभे राहतात. त्या वेळी हवेत बाष्प भरपूर असल्यामुळे पाऊस अधिक जोराचा होऊ शकतो. माणदेशातील पावसाचा मोठा वाटा याच दिवसांतला असतो.

थोडा हिशेब करू

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते बरोबर एक लिटर. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढचा हिशेब सोपा आहे.

समजा, एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र २० चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. २० चौरस किलोमीटर म्हणजे २ कोटी चौरस मीटर. तेव्हा एकूण पाणी १०० कोटी लिटर, म्हणजेच १० लाख घनमीटर. एवढ्या बाष्पाचे पाणी होताना आकाशात जी उष्णता मोकळी झाली, तेवढी ऊर्जा निर्माण करायला १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाला पूर्ण ताकदीने जवळजवळ पंधरा दिवस चालावे लागेल. एका साध्या वळवाच्या ढगाची ही ताकद!

यातील निम्मे पाणी जमिनीत मुरले किंवा खाचखळग्यांत अडकले असे धरू. उरलेले ५ लाख घनमीटर पाणी दोन तासांत, म्हणजे ७,२०० सेकंदांत, ओढ्यातून वाहून गेले, तर दर सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी पुढे सरकते. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी आणणारा दहा हजार लिटरचा टँकर तुम्ही पाहिला असेल. असे सात टँकर दर सेकंदाला तुमच्यासमोरून जात आहेत अशी कल्पना करा.

पाणी मुरत का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. माळरानावर मातीचा थर पातळ असतो. खाली मुरूम आणि काळा खडक. गवत-झुडूप नसेल, तर मोठे थेंब थेट मातीवर आदळतात. तिचे बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा तयार होतो. मग पाऊस ज्या वेगाने पडतो त्या वेगाने पाणी मुरूच शकत नाही. उरलेले उतारावरून धावत सुटते. हीच टेकडी गवताने झाकलेली असेल, किंवा तिच्यावर सलग समपातळी चर खोदलेले असतील, तर पाण्याचा वेग मोडतो आणि त्याला मुरायला उसंत मिळते.

पाऊस तिकडे, पूर इकडे

वळवाचा पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे तुम्ही पाहिले असेल. समजा, ओढ्याच्या उगमाकडे, तुमच्या फरशी पुलापासून सहा किलोमीटरवर ढग फुटला. पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर ते पाणी पुलापर्यंत यायला ३,००० सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटे लागतील. तोवर तुमच्या डोक्यावरचे आभाळ निवळलेले असेल, कदाचित ऊनही पडलेले असेल. बाजाराहून परतणाऱ्या माणसाला वाटते, पाऊस तर थांबला, आता चला. आणि नेमके तेव्हाच पाणी येते.

ते हळूहळू वाढत येत नाही, यालाही कारण आहे. उथळ पाण्याला तळाशी होणारे घर्षण फार अडवते. खोली वाढली की वेग वाढतो. म्हणून मागून येणारे खोल पाणी पुढच्या उथळ पाण्याला गाठते आणि पुराचे तोंड उभे होत जाते. कोरड्या पात्रात पाण्याचा लोंढा एकदम आला असे जाणकार सांगतात, ते खरेच असते.

असा प्रकार केवळ खेड्यात होतो असे समजू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात मेघगर्जनेसह अतिशय जोराचा पाऊस झाला. कात्रजच्या डोंगराकडून शहरात येणाऱ्या आंबील ओढ्याला काही तासांत एवढा पूर आला की काठच्या वस्त्यांतील घरांत पाणी शिरले, भिंती पडल्या, मोटारी वाहून गेल्या. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. एरवी लोक ज्याला नाला म्हणून नाक मुरडत होते, त्यानेच हे केले. पात्र अरुंद झाले म्हणून वरून येणारे पाणी कमी होत नाही. ते उंच चढते, एवढेच.

गुडघाभर पाण्याचा जोर

“गुडघाभर तर पाणी आहे!” असे म्हणून माणसे पुढे जातात. हे वाक्य भौतिकशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू.

वाहत्या पाण्याचा जोर स्थूलमानाने असा काढता येतो : पाण्याच्या घनतेची निमपट, गुणिले पाण्याला आडवे आलेले क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा वर्ग. दोन पायांची मिळून रुंदी ०.३ मीटर धरू. पाणी २५ सेंटिमीटर खोल आणि वेग सेकंदाला दीड मीटर असेल, तर जोर सुमारे ८४ न्यूटन येतो.

आता खोली दुप्पट, म्हणजे ५० सेंटिमीटर झाली. तिच्याबरोबर वेगही वाढून सेकंदाला सुमारे २.४ मीटर होईल. नवा जोर येतो ४३२ न्यूटन. खोली दुप्पट, पण जोर पाचपट!

याला तोंड कोण देणार? तुमच्या तळव्यांचे फरशीशी होणारे घर्षण. ४५ किलोग्रॅमच्या मुलाचे वजन सुमारे ४४० न्यूटन असते. बुडालेल्या पायांना पाणी वर उचलते, त्यामुळे तळव्यांवर ३६० न्यूटनच्या आसपास भार उरतो. ओल्या, शेवाळलेल्या फरशीचा घर्षणांक ०.४ धरला, तर घर्षण मिळते साधारण १४५ न्यूटन. समोर ४३२ आणि हाती १४५. निकाल सांगायला नको.

गाडीत बसलेला माणूसही सुरक्षित नाही. एक हजार किलोग्रॅमची मोटार एक घनमीटर पाणी बाजूला सारताच तरंगू लागते. लहान मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ पाच-सहा चौरस मीटर असते. म्हणजे पाणी तळाच्या वर वीस सेंटिमीटर चढले की चाकांची पकड जवळजवळ संपलीच.

मग काय करावे?

ओढ्याच्या उगमाकडील आभाळ पाहण्याची सवय लावा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. हा काळ तीस सेकंदांहून कमी असेल, तर उघड्यावर थांबू नका, झाडाखाली तर मुळीच नको. पक्क्या घरात जा. भारतीय हवामानशास्त्र विभाग पुढील तीन तासांपुरता तातडीचा इशाराही देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील ॲप विजेची पूर्वसूचना देते. शाळेत कोणीतरी ते रोज पाहावे.

पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर गुरे किंवा सायकल यांचा मोह न धरता पात्रातून बाजूला, उंचावर जा. पात्रातूनच खालच्या दिशेला पळू नका. पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येते. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल, तर थांबा. लहान ओढ्याचा पूर जसा झपाट्याने चढतो तसा काही तासांत उतरतोही. घरी पोहोचायला उशीर झाला म्हणून कोणी रागावले, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

करून पाहा

१. दोन सारख्या पत्र्यांच्या ट्रे घ्या. एकीत उघडा मुरूम, दुसरीत गवतासह माती भरा. दोन्ही सारख्याच तिरप्या ठेवा आणि झारीने दोन-दोन लिटर पाणी सारख्या वेगाने घाला. किती पाणी बाहेर आले, किती वेळात आले आणि ते किती गढूळ होते, याची नोंद करा.

२. गावच्या ओढ्याचा नकाशा मिळवा. उगमापासून शाळेच्या वाटेवरील फरशी पुलापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजा. सेकंदाला दोन आणि तीन मीटर वेग धरून पाणी पोहोचण्यास लागणारा वेळ काढा. तो आकडा ठळक अक्षरांत लिहून शाळेच्या फलकावर लावा. शिक्षकांनी हा उपक्रम मे महिन्याच्या सुटीआधीच घ्यावा, कारण वळीव शाळा उघडण्याची वाट पाहत नाही.