कैलास-मानसरोवर यात्रा : परवान्यासंबंधी माहिती

भाविकहो, कैलास व मानसरोवर ही तीर्थे तिबेटात, म्हणजेच चीनच्या हद्दीत असल्याने तेथे एकट्याने, स्वतंत्रपणे जाता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा लिपुलेख (१९८१ पासून) व नथु ला (२०१५ पासून) या खिंडींतून जाते. २०२० पासून खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. अर्जदार भारतीय नागरिक व १८ ते ७० वर्षे वयाचा असावा. परदेशी नागरिकत्व घेतलेले आप्त त्यास पात्र नाहीत. निवड संगणकीय सोडतीने होते. डोल्मा खिंड १८,००० फुटांहून उंच असल्याने रक्तदाब, दमा लपविणे जिवावर बेतू शकते. ओवे परिसरातील इच्छुकांनी प्रथम पासपोर्टची मुदत पाहावी. जाणे न घडल्यास खंत नसावी. भाव तेथे देव.