एक बटण, अनेक संकेतस्थळे : सामाईक घटकसंग्रहाची उभारणी

बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २००८ साली सुरू झाला आणि देवनहळ्ळीचे नाव देशभर पोहोचले. बंगळूर ग्रामीण जिल्ह्याचे प्रशासकीय मुख्यालयही याच तालुक्यात आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या जिल्ह्यास 'बंगळूर उत्तर' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. अशा वेळी जिल्ह्याचे नाव संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर स्वतंत्रपणे लिहिलेले असेल, तर प्रत्येक पान दुरुस्त करावे लागते. शीर्षपट्टी हा एकच सामाईक घटक असेल, तर एका ठिकाणचा बदल पुरतो.

बटण, माहिती भरण्याची चौकट, दिनांक, तक्ता, सूचना असे पडद्यावरील भाग एकदाच तयार करून सर्व संकेतस्थळांनी वापरावेत, हे घटकसंग्रहाचे तत्त्व होय. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या मंचावर देशातील शेकडो जिल्ह्यांची संकेतस्थळे याच विचाराने उभी आहेत. राष्ट्रीय ई-प्रशासन विभागाने 'यूएक्सफोरजी' हा शासकीय सेवांसाठीचा घटकसंग्रहही उपलब्ध करून दिला आहे.

उभारणीचे टप्पे

प्रथम वापरात असलेल्या सर्व पानांची पाहणी करून एकाच कामासाठी किती प्रकारची बटणे व चौकटी आहेत, याची यादी करावी. त्यानंतर रंग, अक्षरांचा आकार व अंतर यांची मूल्ये एका जागी नोंदवावीत. मग मोजकेच, पण सतत लागणारे घटक घडवावेत. प्रत्येक घटकासोबत त्याचा नमुना, वापराची रीत आणि तो कोठे वापरू नये, हेही लिहून ठेवावे.

संग्रहाच्या प्रत्येक आवृत्तीस तीन अंकी क्रमांक देण्याची प्रथा आहे. २.४.१ मधील शेवटचा अंक किरकोळ दुरुस्ती, मधला नवी सोय, तर पहिला जुन्या पानांशी न जुळणारा बदल दर्शवितो. त्यामुळे नवी आवृत्ती केव्हा स्वीकारावी, हे प्रत्येक कार्यालयास ठरविता येते.

लिपी आणि सुगम्यता

रोमन अक्षरांच्या मापाने उंची ठरविलेल्या बटणात कन्नडमधील खाली जोडली जाणारी व्यंजने आणि देवनागरीतील उकार कापले जातात. म्हणून घटकाची चाचणी स्थानिक लिपीतच घ्यावी. मजकूर व पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा. प्रत्येक चौकटीस पडदावाचकाला कळेल असे नाव असावे. माऊसशिवाय, केवळ कळफलकाने अर्ज पूर्ण करता यावा.

हा केवळ तांत्रिक आग्रह नव्हे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. नाव नसलेली एक चौकट अंध नागरिकाचा अर्ज अर्ध्यावर थांबवू शकते.

सामाईकतेची जबाबदारी

सामाईक घटकातील दुरुस्ती जशी सर्वत्र पोहोचते, तशीच चूकही पोहोचते. म्हणून संग्रहाची जबाबदारी निश्चित गटाकडे असावी, तक्रारींची नोंद व्हावी आणि चाचणीविना कोणतीही आवृत्ती प्रसृत होऊ नये. काही कार्यालये घाईत घटकाची प्रत काढून स्वतःपुरता बदल करतात; मात्र ती प्रत पुढील सर्व दुरुस्त्यांना मुकते. अशी गरज मूळ संग्रहाकडेच कळवावी. एका तालुक्यात सापडलेली त्रुटी सर्वांसाठी दूर होण्याचा मार्ग तोच आहे.