‘नाहीतर’ कोणाचे? संगणकभाषेच्या व्याकरणाचा एक धडा

‘जर पाऊस नसेल तर जर रिक्षा मिळाली तर सराफ्याला जा नाहीतर घरी थांब.’ पाऊस पडतोच आहे, मग काय करायचे? इंदूरकर घरी थांबेल, कारण त्याला बोलणाऱ्याचा हेतू कळतो. यंत्राला हेतू कळत नाही, त्याला नियमच हवा.

असे नियम लिहिण्याची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडली. पीटर नाउर यांनी ती १९६० च्या अल्गोल अहवालात वापरली. आपले वाक्य तिच्यात असे बसते:

<आज्ञा> ::= <कृती> | जर <अट> तर <आज्ञा> | जर <अट> तर <आज्ञा> नाहीतर <आज्ञा>

‘::=’ म्हणजे ‘अशी असते’ आणि उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. व्याख्येत ‘आज्ञा’ पुन्हा येते, म्हणून तीन पर्यायांतून अगणित वाक्ये निघतात. पण गोम तिथेच आहे. वरच्या वाक्याची या नियमाने दोन झाडे काढता येतात. एकात ‘नाहीतर’ रिक्षाच्या ‘जर’ला लटकते, तेव्हा पाऊस असल्यास काय करायचे हे सांगितलेलेच नाही. दुसऱ्यात ते पावसाच्या ‘जर’ला लटकते आणि रिक्षा न मिळणारा माणूस अधांतरी राहतो. अक्षरे तीच, आज्ञा दोन!

सी भाषेने ‘नाहीतर’ सर्वांत जवळच्या मोकळ्या ‘जर’चे मानले. अल्गोल ६० च्या सुधारित अहवालाने ‘तर’नंतर थेट दुसरा ‘जर’ येऊच दिला नाही. आतली आज्ञा आरंभ-अंताच्या कंसात घालावी लागे. मला दुसरा उपाय अधिक प्रामाणिक वाटतो. संदिग्ध वाक्य त्या भाषेत लिहिताच येत नाही.

पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे असे सुचवले. आपल्याला हे सुखावते, पण फरकही पाहावा. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते ते पुढे स्वर आहे म्हणून. पाणिनीचे असे नियम शेजार पाहतात, तर बॅकसचे नियम शेजाराकडे बघतच नाहीत. म्हणूनच ‘नाव आधी जाहीर करा, मग वापरा’ ही साधी अट त्यांत मावत नाही. ती वेगळ्याने तपासावी लागते.

मानवी भाषांसाठी थोडे अधिक बळ लागते, ते किती, हा प्रश्न पुण्यात जन्मलेल्या अरविंद जोशी यांनी हाती घेतला. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या व्याकरणात मूळ घटक शब्दांच्या ओळी नसून छोटी झाडेच आहेत. एका झाडाच्या मधोमध दुसरे रोवता येते.