मुलांचा खेळ व आईबाप

सन २०२५ त दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष व स्त्री या दोन्ही संघांनी जिंकली. आपल्या लेकरानेही असे नाव मिळवावे, असे आईबापांस वाटणे साहजिक आहे. परंतु या खेळाचा नियमच आपणांस धडा देतो. पाठलाग करणाऱ्या ९ गड्यांपैकी ८ बसलेले असतात. सोबत्याने "खो" दिल्यावाचून त्यांनी उठावयाचे नसते. तेव्हा बाप रेषेबाहेरून "ऊठ, पळ" असे ओरडला, तर मूल गोंधळून चुकते. आणि घरीही बोल लावला, तर ते खेळावयास जाणेच सोडते. यास्तव आम्ही सुचवितो की, आपण स्वस्थ बसून पाहावे, दोन्ही पक्षांस शाबासकी द्यावी, आणि "जिंकलास काय?" याऐवजी "मौज वाटली काय?" असे विचारावे.